पहिल्या भागातली मावशी

पडद्यावरच्या यंत्रमावशीने यानाचं दार उघडलं, पोराच्या आईला शांतपणे बाहेरच्या काळोखात ढकललं, दार लावून घेतलं आणि तान्ह्या पोराला थोपटत बसली.

थिएटरात आधी कुणाला काही उमगलंच नाही. मग मागून एकजण ओरडला, "ए, काय चाललंय काय!" कुणीतरी शिट्टी मारली. एका बाईचा आवाज आला, "पहिल्या भागात हिच्यासाठी रडून रडून माझं डोकं दुखलं होतं. आणि आता या दुसऱ्या भागात म्हणे पोराच्या आईची मारेकरी हीच?"

"चल, ऊठ," तिचा नवरा म्हणाला. "यांना गोष्ट सुचेना, म्हणून चांगल्या बाईला बदनाम केलं."

त्यांच्या पुढच्याच रांगेत दिग्दर्शकाची मावशी बसली होती. तिने मान वळवली नाही.

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, ते यंत्र म्हणजे हीच. बहीण गेल्यावर तिचं पोर हिने वाढवलं, आणि पोराने मोठं होऊन सिनेमा काढला तो आईवेगळ्या पोराला अंतराळात वाढवणाऱ्या यंत्राचा. ते हिच्यासारखंच पोराचा कान पिळायचं, हिच्यासारखंच ताप बघायला कपाळाला उलटा हात लावायचं. तोंड पत्र्याचं, पण जीभ हिची. लोक यंत्रमावशी म्हणून हाक मारत, तेव्हा ही वरवर करवादायची आणि आतून टम्म फुगायची.

आता तोच उलटा हात पडद्यावर पोराच्या कपाळाला लागला होता, आणि लोक त्या हाताला शिव्या घालत होते.

असेल काहीतरी, तिने मनाची समजूत घातली. कुणी पैसेवाल्याने भरीला घातलं असेल पोराला. ती शेवटपर्यंत बसली. दिवे लागले तेव्हा माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या.

बाहेर दालनात भाचा एका बातमीवाल्या मुलीसमोर उभा होता. तिच्या हातात माईक, शेजारी कॅमेरावाला.

"प्रेक्षक चिडलेत," मुलगी म्हणाली. "मावशीनेच आईला मारलं, ही कल्पना आली कुठून?"

"घरातून," भाचा म्हणाला. "मी चार वर्षांचा असताना आई गेली. मावशीने वाढवलं. पण आई कशी गेली, हे मला कधीच कुणी नीट सांगितलं नाही. तो प्रश्न घेऊन मी जगतोय."

"बापरे," मुलगी म्हणाली, आणि माईक आणखी पुढे गेला.

खांबापाशी मावशी उभी होती. शब्द न् शब्द तिच्या कानात पडला. आई कशी गेली ते ह्याला हिनेच तर सांगितलं होतं. कावीळ, दवाखाना, तिचे पिवळे झालेले डोळे, कशावर म्हणून पांघरूण घातलं नव्हतं. ऐकून पोरगा हिच्याच मांडीवर झोपला होता.

कॅमेऱ्याचा दिवा विझला, तशी ती पुढे झाली.

"मी तुला सांगितलं नव्हतं?"

भाचा दचकला. "मावशी! तू आजच आलीस? उद्या गाडी पाठवणार होतो मी."

"मी विचारलं काय?"

"सांगितलं होतंस गं." त्याने तिला कोपराला धरून बाजूला घेतलं. "पिक्चर पडलाय, मावशी. पार बुडालोय मी. घरातलं काहीतरी कानावर पडलं की लोक बघायला येतात."

"म्हणून आईच्या मरणावर संशय घेतलास?"

"अगं, खरं असतं तर मी बोललो असतो का? खोटं आहे, म्हणून तर बोललो. आठ दिवसांत कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"म्हणजे खरं असतं तर झाकलं असतंस, आणि खोटं म्हणून ढोल बडवलास." मावशीचा आवाज जराही चढला नाही. "केसाने गळा कापणारे पुष्कळ बघितले रे. पण कापून वर, आठ दिवसांत भरून येईल, म्हणणारा तूच पहिला."

तेवढ्यात मागच्या रांगेतली ती बाई नवऱ्याला ओढत तिथे येऊन थडकली.

"तुम्हीच ना दिग्दर्शक? अहो, ती असं करणारच नाही!"

"कोण?"

"कोण म्हणजे? यंत्रमावशी! स्वतःची बॅटरी काढून पोराला ऊब देणारी ती. ती त्याच्या आईच्या जिवावर उठेल?"

भाचा ओशाळं हसला. "काकू, गोष्ट मी लिहिली आहे."

"लिहिली असेल. पण तुम्ही तिला ओळखत नाही."

"चल गं," नवरा म्हणाला. "पत्र्याच्या डब्यासाठी कसली भांडतेस!"

"तुम्ही गप्प बसा हो." बाई मावशीकडे वळली. "ताई, तुम्ही पण आत होतात ना? तुम्हीच सांगा. अशी होती का ती?"

"मला कशाला विचारता, बाई?" मावशी म्हणाली. "तिने वाढवलेला पोरगा हा काय समोर उभा आहे. त्याला विचारा."

बाईला काही बोध झाला नाही. बातमीवाल्या मुलीला मात्र झाला. तिने कॅमेरावाल्याला डोळ्याने खुणावलं, दिवा पुन्हा लागला आणि माईक भाच्याच्या हनुवटीखाली आला.

"सांगा ना," मुलगी म्हणाली. "अशी होती का मावशी?"

भाच्याने एकदा मावशीकडे बघितलं. मग केसांवरून हात फिरवून तो कॅमेऱ्याकडे वळला, तशी मावशीकडे त्याची पाठ झाली.