पालकाची सही

"नाय नाय, बाप असा हसत नाय!" हेमांगी ओरडली आणि सगळा हॉल खिदळला.

बापाच्या भूमिकेत अथर्व होता. हमरापूरचा पोरगा, गणपतीच्या मूर्ती रंगवून नखांत बसलेला गुलाबी रंग, मिसरूड अजून धड फुटलेलं नाही. त्याला बाप कसा जमणार? समोर तनया उभी होती आणि तिच्या हातातला फॉर्म मात्र खरा होता. पुण्यात वर्षभर राहून नाटक शिकायचं, त्याचा. निवड झाली होती. पालकाची सही तेवढी राहिली होती आणि उद्या शेवटची तारीख.

पेणच्या शाळेतली ही सहा दिवसांची नाट्यकार्यशाळा. आजचा दिवस शेवटचा. महादेव सर त्यासाठी रोज रोह्याहून येत. पंचवीस वर्षं त्यांनी पोरं घडवली होती आणि तालुक्यातल्या बऱ्याच करंडकांना त्यांचा हात लागलेला होता. त्यांचा नियम एकच. आडनाव, गाव, जात, कोण कुणाचं कोण, सगळं चपलांबरोबर हॉलच्या बाहेर ठेवायचं. आत फक्त नाव. पोरांना हे फार आवडायचं.

आजचा खेळ त्यांनीच लावला होता. घरी जे बोलता येत नाही ते इथे बोलायचं, आणि समोरच्याने मनापासून पटल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही.

"ऊठ," सर अथर्वला म्हणाले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला आणि खुर्चीवर बसले. 

"बोल."

तनया दोन पावलं मागे सरकली. सरांसमोर तिचं नेहमी असंच व्हायचं. दोघं रोह्याच्या एकाच गाडीने येत, पण स्टेशनपासून ती सरांच्या मागे वीस पावलांचं अंतर ठेवून चालायची. दरारा म्हणतात तो हा.

"बाबा, उद्या शेवटची तारीख हाय."

"कसली?"

"तुम्हाला ठाऊक हाय."

"मला एवढंच ठाऊक हाय, की बी.एड.चा फॉर्म मी आणून ठेवलाय. तो भर."

"सातशे जणांतून वीस घेतले, बाबा. त्यात मी हाय."

"मग झालं की. निवड झाली, कौतुक झालं. पेढे वाटू. आता जायचं कशाला?"

मागे कुणीतरी हसलं. तनया हसली नाही.

"नाटक वाईट असतं का?"

"वाईट कोण म्हणतंय? लोकांच्या पोरींनी खुशाल करावं. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन मी. आपल्या पोरीनं नाय."

हेमांगीने शेजारणीचा हात दाबला. तनयाच्या घरचं सरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. "एका बापाचं मन कसं ओळखतात गो हे," ती पुटपुटली.

तनया एक पाऊल पुढे आली.

"आईनं तुमच्यापुढं कधी तोंड उघडलं नाय, बाबा. मी उघडते. पडले तर पडू द्या मला, पण माझ्या पायांनी चालून पडू द्या. परत आले तर बी.एड. करीन. तुम्ही दाखवाल त्या मुलाशी लग्न करीन. एक वर्ष मागतेय. दुसरं काय मागितलंय मी तुमच्याकडं कधी?"

सर खाली मान घालून बसले होते. वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"जा," ते म्हणाले. "जा, पोरी. माझंच चुकत होतं."

दोन मुली रडायला लागल्या. अथर्व उभा राहून टाळ्या पिटत सुटला. तनयाने घाईघाईने फॉर्म सरांच्या मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

सरांनी चष्मा चढवला. "अगं, सीन संपला," ते हसून म्हणाले आणि फॉर्म उचलून तिच्या हातात परत दिला. "बघितलंत? दोघांनी एकमेकांचं ऐकलं म्हणून सीन उभा राहिला. याला म्हणतात खरेपणा."

पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. तनया उघडं पेन धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"सर, तिच्या बाबांना फोन करा ना," हेमांगी म्हणाली. कार्यशाळेची नावनोंदणी, नियमाप्रमाणे नुसत्या नावांची, तिनेच केली होती, त्यासाठी सरांना फोनही केले होते, त्यामुळे सरांशी बोलायची तिला भीड नव्हती. "तुमचा शब्द कोण मोडणार?"

"घरच्या गोष्टींत आपण पडू नये."

"तुम्हीच शिकवलंत, भितो तो नट नव्हे. करा ना, सर!"

"करा, करा!" सगळी पोरं एका सुरात ओरडायला लागली.

सरांचा नाइलाज झाला. त्यांनी फोन काढला आणि तनयाकडे रोखून बघितलं. "द्यायचाय नंबर?"

सगळ्यांना वाटलं, ही नको म्हणेल. तनयाने एकेक आकडा सुटा करून, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा, दहा आकडे सांगितले.

सरांनी बटणं दाबली. फोन कानाला लावला. थोडा वेळ थांबले.

"बिझी लागतोय," ते म्हणाले. "संध्याकाळी बोलतो मी. चला, गोल करा, शेवटचा खेळ घेऊ."

पोरं गोल करायला उठली. हेमांगी मात्र हट्टी. बिझी फोन काय जन्मभर बिझी राहतो? तनया सांगत होती तेव्हा तिने आकडे वहीच्या कोपऱ्यात उतरवून घेतले होते. तिने स्वतःचा फोन काढला, वही समोर धरली आणि एकेक आकडा दाबत गेली. दहावा आकडा पडला, तसं स्क्रीनवर आपोआप नाव आलं : महादेव सर.