ढब्याचा परवाना

“कुत्रा कोणाचा?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“माझ्या मुलाचा.”

“मग अर्ज मुलानं करायला हवा, बाई. मालकाशिवाय परवाना निघत नाही.”

“तो गेला,” ती म्हणाली. “तिकडेच, समुद्रापलीकडे. तापानं.”

अधिकाऱ्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बेटावर रेबीज नव्हता. तो येऊ नये म्हणूनच सरकारनं त्याला बंदरावरच्या या खोलीत बसवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण नियम त्याच्या हाडीमाशी खिळले होते. कुत्र्याला तिकडे लस टोचावी लागेल, रक्त तपासावं लागेल. इकडे उतरल्यावर थंडी सरेपर्यंत तो विलगीकरणात राहील, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यासोबत येईल ते सगळं, टोपली, गवत, चिंध्या, जाळून टाकायचं.

“एवढा खटाटोप कशाला? बेटावर काय कुत्री कमी आहेत?”

“मला तोच हवाय,” ती म्हणाली.

नणंदेला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. “वहिनी, दारात कुत्रं दिसलं की तुम्ही झाडू घेऊन धावता. आणि आता समुद्रापलीकडून मागवताय?”

यात खोटं काहीच नव्हतं. कुत्र्याच्या नुसत्या केसानं तिला शिंका सुटायच्या. मुलगा फोनवर ढब्याचं कौतुक सांगायला लागला की ती विषय बदलायची. आता तेच आठवून तिला रडू यायचं. चार गोष्टी ऐकून घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

“त्याचं दुसरं काय उरलंय, वन्सं?” तिनं विचारलं.

खरंच काही उरलं नव्हतं. बातमी बेटावर पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. घरमालकानं खोली रिकामी करून भांडी, अंथरूण, कपडे वाटून टाकले होते. ती कपडे शिवून पोट भरायची. मुलगा निघाला तेव्हा रात्रीचा दिवस करून तिनं त्याला जाड कोट शिवून दिला होता. तोही त्यातच गेला असणार.

“कुत्रा तेवढा खाटेखालून हलत नाही,” घरमालक फोनवर म्हणाला होता. “जवळ गेलं की दात दाखवतो.”

“असेल तसा टोपलीत घाला आणि राहू द्या. मी परवाना काढते,” तिनं सांगितलं होतं.

हेलपाटे घालून घालून तिच्या चपलांचे तळ गेले, पण परवाना निघाला. ढब्या बोटीनं आला आणि बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जाळीआड बंद झाला.

पहिल्या दिवशी ती भेटायला गेली तेव्हा तो कोपऱ्यात एका मळक्या बोचक्यावर हनुवटी टेकून पडला होता. तिनं दोन्ही हातांनी जाळी धरली. डोळे पुसत ती आत बघत राहिली. शेडचा राखणदार उगाच दुसरीकडे बघत उभा राहिला.

“ते बोचकं खरं तर जाळायचं असतं, ताई,” तो थोड्या वेळानं हळूच म्हणाला. “पण ओढायला गेलो तर यानं अन्नच सोडलं. मला काही बघवेना. साहेबांच्या कानावर घालू नका.”

“मी कशाला घालू?” ती लगेच म्हणाली. “तुम्हीही कुठे बोलू नका.”

मग ती रोज दुपारी मशीन बंद करून यायची. स्टूल ओढून जाळीला नाक टेकून बसायची. ढब्याही उठून तिच्याजवळ यायचा, येताना आपलं बोचकं ओढत आणायचा. शिंकांनी ती बेजार व्हायची, पण जागची हलायची नाही.

“वास मारतो हो हा,” राखणदार म्हणायचा. “गरम पाण्यानं घालू का आंघोळ?”

“नको, नको! थंडी आहे. बाधेल त्याला.”

निघताना मात्र ती न चुकता विचारायची, “आहे तसंच राहील ना सगळं?”

“मी आहे ना! निर्धास्त जा.”

माया असावी तर अशी, असं राखणदार भेटेल त्याला सांगत सुटला. त्याच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. या बाईसाठी आपणही काहीतरी करावं असं त्याला फार वाटू लागलं.

थंडी सरली. अधिकाऱ्यानं ढब्याला तपासून सही केली. ती ठेवणीतले कपडे घालून आली. हातात धुतलेली, इस्त्री केलेली कापडी पिशवी होती.

“पिशवी कशाला, ताई? कुत्रा काय पिशवीतून नेणार?” राखणदारानं चेष्टा केली. ती हसली. तिला हसताना तो पहिल्यांदाच बघत होता.

तो आत गेला आणि ढब्याला दोरी लावून घेऊन आला. ढब्याचं अंग चकाकत होतं. राखणदाराच्या काखेत नवीकोरी गादी होती.

“आज ऊन पडलं म्हणून साबणानं घासून काढला. वास शोधून सापडणार नाही. नवरदेव दिसतोय की नाही? आणि ही गादी माझ्याकडून. त्या बोचक्याला सकाळीच काडी लावली. उशिरा का होईना, नियमही पाळला गेला.”

ती गादीकडे बघत राहिली. गादी फार आवडली असेल, असं वाटून त्यानं दोरी तिच्या हातात दिली.

ढब्यानं दोरीला हिसका दिला आणि तिला शेडच्या मागे ओढत नेलं. तिथल्या खड्ड्यातून अजून थोडा धूर येत होता.

“अरे, फाटक इकडे आहे!” राखणदार हसत मागून आला.

ती खड्ड्याच्या काठाशी बसली. पिशवी बाजूला ठेवून तिनं दोन्ही हात राखेत घातले.

“ताई, भाजेल! काय शोधताय?”

“बटणं,” ती म्हणाली. “कोटाला पितळेची लावली होती मी.”