उशांच्या पाळ्या

“पाळी बंद झाल्यापासून झोपेचं पार खोबरं झालंय,” बाई म्हणाल्या.

उशीवाल्याने त्यांच्या अंगावरचा कारखान्याचा निळा गणवेश पाहिला आणि तो हळहळला. “अरेरे. मग आता दुसऱ्या पाळीत घेतील ना तुम्हाला?”

बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. “कारखान्याची नाही हो. माझी. बायकांची बंद होते, ती.”

उशीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणूस भला, पण बावीस वर्षं उशा विकताना असं काही कानावर पडायची ही पहिलीच वेळ. गल्ल्यामागे बसून अभ्र्यांच्या घड्या घालणारी त्याची बायको मान खाली घालून हसली. उशीवाल्याने घाईघाईने एक उशी पुढे केली. “ही घ्या. आत जेल आहे. हात लावून बघा, नुसता बर्फ.”

“हात लावून काय कळणार?” बाईंनी चपला काढल्या, गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या पलंगावर आडव्या झाल्या, उशीवर गाल टेकवला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

बाई क्रेन चालवायच्या. ओझं हुकाला लागलं की आधी ते वीतभर उचलायचं आणि थांबायचं. साखळी धरते का, तोल जातो का, ते बघायचं आणि मगच वर न्यायचं. एकवीस वर्षांत त्यांनी ही वीत कधी चुकवली नव्हती. मग उशीला तरी का सूट द्यायची?

पण गेल्या गुरुवारी, हुकाला पाइपांची मोळी लटकत असताना, त्यांचा डोळा लागला होता. जेमतेम दोन श्वास. खाली कुणी नव्हतं, केबिनमध्ये बघणारंही कुणी नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या चांगल्याच घाबरल्या होत्या. रात्री चार-चारदा घामाने भिजून उठणाऱ्या बाईने सोमवारी पुन्हा वर चढायचं कसं?

“चार मिनिटं,” त्यांनी जाहीर केलं. “आता कोमट झाली.”

उशीवाल्याने बांबूच्या धाग्याची उशी दिली. ती सहा मिनिटं टिकली. बाईंना आता चेवच चढला. त्या उशी उलटीपालटी करून दाबू लागल्या, वास घेऊ लागल्या. “मला सांगा, हिच्यातला थंडावा जातो कुठे?”

“जाणार कुठे? तुमच्या डोक्यात.”

“डोक्यात गेला असता तर घरचे तुम्हाला हार घालायला आले असते.”

उशीवाल्याने तिसरी उशी काढली. ही सगळीकडून भोकाभोकांची होती. बाई तिच्यावर डोकं टेकवणार, तोच गल्ल्यामागून आवाज आला. “ती बारा मिनिटं टिकते. पुढे तीही तापते.”

उशीवाला वळला. “तुला काय माहीत?”

“रोज दुकान बंद करताना एक-दोन घरी नेते. सकाळी आणून ठेवते. दोन महिने झाले.” मग बाईंकडे बघून ती म्हणाली, “अभ्रा माझा घालते हो.”

उशीवाला तिच्याकडे बघतच राहिला. “रात्रभर कूस बदलत असतेस. मला वाटायचं, माझ्यावर रागावली आहेस.”

“तेही असतं अधूनमधून.”

बाई उठून बसल्या. “मग सकाळपर्यंत टिकते कुठली?”

“एकटी कुठलीच नाही. या भोकांच्या दोन ठेवायच्या. एक तापली की दुसरी घ्यायची, तोवर पहिली निवते. बारा मिनिटांत डोळा लागला की जिंकलो.”

“म्हणजे पाळीपाळीने.”

“पाळीपाळीने.”

“आपली बंद झाली आणि उशांची सुरू,” बाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की उशीवाल्याने कोऱ्या उशा काढायला आतल्या खोलीत जाणंच पसंत केलं.

तो आत गेल्यावर बाईंचं हसू ओसरलं. “गुरुवारी क्रेनवर डोळा लागला माझा,” त्या हळूच म्हणाल्या. “हुकाला ओझं होतं.”

उशीवाल्याच्या बायकोने त्यांच्या दंडावर हात ठेवला. तिचा हातही चांगलाच तापलेला होता. मग तिने चपला काढल्या.

“सरका. आता माझी पाळी. घरी घड्याळ बघायला कोण आहे?”

ती आडवी झाली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी मनगट समोर धरलं. तिसऱ्या मिनिटाला तिचा श्वास लांबला. पाचव्या मिनिटाला तोंड किंचित उघडलं. बाई घड्याळ बघायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिल्या.

उशीवाला दोन उशा काखेत मारून बाहेर आला. प्लास्टिक चरचरलं. काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं.

बाईंनी तळहात उभा धरला. कारखान्यात खालचा माणूस त्यांच्याकडे बघून धरतो, तसाच. ओझं हवेत आहे, थांबा.

उशीवाला होता तिथेच थांबला.