थेट निवड

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावात सरपंच चंद्रावतीने डोंगरकापणीच्या परवानगीवर सही करायला नकार दिला. सातपैकी चार पंचांनी लगेच तिच्यावर अविश्वास ठराव आणला. सभेला दहा मिनिटं उरली, तेव्हा तिने सिंधुदुर्गात सरपंच असलेल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

"माई, मला पंचांनी निवडलं, आता तेच काढणार. तुला लोकांनी थेट निवडलंय. तुझी खुर्ची कोण हलवणार?"



"कोणीच नाही गो," माई म्हणाली. "आमच्या डोंगराच्या कागदावर मी सही केली. सकाळपासून सगळा गाव दारात उभा आहे, खुर्ची सोड म्हणतोय. पण निवडून वर्षच झालंय, पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावच आणता येत नाही. आणि मला कोणी काढू शकत नाही."