छताचा नमुना

पाळण्यातल्या चादरीवर पुन्हा चार पांढरे दाणे पडले होते. मिरेयने त्यांना हात लावला नाही. मुलीला, रोमीला, उचललं आणि वर पाहिलं. दिव्याच्या बाजूला छताला केसाएवढी चीर गेली होती. सगळ्या घराचं छत असंच होतं, पॉपकॉर्न चिकटवल्यासारखं खडबडीत. घर पन्नास वर्षांपूर्वीचं, आणि तेही ॲस्बेस्टॉसच्या खाणीच्या गावातलं. त्या काळी अशा छतांत ॲस्बेस्टॉस मिसळायचे, आणि त्याची धूळ छातीत जाऊन बसली की वीस-तीस वर्षांनी माणसाला गाठते, हे मिरेयला माहीत होतं. रोमी आठ महिन्यांची होती.

"काही नाहीये त्यात," मिरेयचा बाप दारातून म्हणाला. रोझेरने ॲस्बेस्टॉसचा दगड दळणाऱ्या, खाणीच्या गिरणीत चौतीस वर्षं काढली होती आणि खाण मॉन्ट्रियलवाल्यांनी बंद पाडली म्हणून तो त्या शहरावर तेव्हापासून रुसला होता. "सेंट ॲनची शपथ, चुना आहे नुसता."

"मग तपासू या ना, बाबा. नमुना पाठवायचा लॅबचा डबा आलाय सकाळी."

"कुठली लॅब?"

"मॉन्ट्रियलची."

"वाटलंच! त्यांना साखरेतसुद्धा ॲस्बेस्टॉस सापडेल." म्हातारा तापला. "अगं, गिरणीचा भोंगा वाजला की तू फाटकाशी धावत यायचीस आणि मी तुला तस्सा उचलायचो. धुळीने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा! तुझी आई म्हणायची, आले बर्फाचे दोन बाहुले. काय झालं तुला? चांगली घोडी झालीस!"

मिरेयने वाद घातला नाही. "त्यात काही निघालं," ती म्हणाली, "तर मी रविवारी रोमीला घेऊन परत जाईन. मग या घरात ती झोपणार नाही."

रोमी म्हाताऱ्याकडे बघून हसली, तरी तो हसला नाही. मग एकाएकी म्हणाला, "आण तो डबा. मी काढतो नमुना."

आता मात्र मिरेयला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं. आत्तापर्यंत नाही नाही म्हणणारा माणूस एकदम शिडी आणायला निघाला होता.

"मी काढते ना."

"तू पोरीला धर. मागच्या ओट्यावर जा. आणि जाताना दार लावून घे."

"का? चुनाच आहे ना?"

"शिडीखाली लेकरू नको. जा म्हटलं ना!"

ती गेली. पण ओट्यावरून त्या खोलीची खिडकी दिसते, आणि म्हातारा ते विसरला असावा. स्वयंपाकघरातलं कपाट उघडल्याचा आवाज आला. तिथेच मैद्याचा डबा असतो. म्हातारा नमुन्याच्या पिशवीत चिमूटभर मैदा भरून देईल, लॅबवाले कळवतील की काही नाही, आणि आपलं लेकरू सुखाने त्या चिरेखाली झोपेल. स्वतःच्या बापाबद्दल असं मनात यावं याची तिला लाज वाटली. तरी तिने काचेवरची नजर काढली नाही.

मैदा नव्हता. रोझेर आला तो कुंड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन. त्याने आधी पाळण्यावर प्लास्टिक टाकलं, खाली जमिनीवर टाकलं, नाकातोंडावर ओला रुमाल बांधला. मग शिडी चढून चिरेभोवती पाणी मारलं, थांबला, पुन्हा मारलं. लोणी लावायच्या सुरीने हलकेच एक खपली काढली, अजिबात धूळ न उडवता.

मिरेयने खिशातला कागद काढला. आधी पाणी मारा, तोंड झाका, घासू नका. लॅबच्या सूचना होत्या त्या. डब्यातला हा कागद सकाळपासून तिच्याच खिशात होता.

शिडीवर रोझेरने खपलीचा एक कण अंगठा आणि बोट यांच्यात घेतला आणि चोळला. हातात आलेला ॲस्बेस्टॉसचा तंतू कसा आहे हे गिरणीतली माणसं अशीच सांगायची, डोळे मिटूनसुद्धा. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पिशवी बंद केली, ती दुसऱ्या पिशवीत घातली आणि खाली उतरला.

तो मागच्या दाराने बाहेर आला, पण सरळ तिच्याकडे आला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन त्याने शर्ट काढला. झटकला नाही, आतली बाजू बाहेर करून गुंडाळला आणि कचऱ्याच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. मग बागेतला नळ सोडला. जूनचा पहिला आठवडा होता, पाणी अजून हाडं गोठवणारं होतं. त्याने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, डोकं नळाखाली धरलं, कानामागेही बोटं फिरवली. हे काही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मग तो उघडाच, कुडकुडत ओट्याशी आला. पिशवी कठड्यावर ठेवली.

"घे. पाठव तुझ्या मॉन्ट्रियलला. काही निघायचं नाही." आणि त्याने रोमीसाठी दोन्ही हात पुढे केले. हातांवरून पाणी गळत होतं.

मिरेयने त्या हातांकडे पाहिलं. गाठ मारलेल्या पिशवीकडे पाहिलं. लेकराला तिने आणखी घट्ट धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "फाटकाशी मला उचलायच्या आधी तुम्ही कधी शर्ट काढला होता?"

रोझेरने हात खाली घेतले. मग वळला, अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि नळ सोडून पुन्हा हात धुऊ लागला.