तिपाई

अकराला प्राण्यांच्या आश्रमाची गाडी येणार होती. दहापासून तो गॅलरीत उकिडवा बसून तिपाईचं अंग पुसत होता. कुत्र्याला कसली कल्पना असणार! ते आपलं उरलेल्या तीन पायांवर तोल सावरत त्याचा अंगठा चाटत होतं. तिपाई हे नाव बायकोनं ठेवलेलं. कुत्रं त्यानं आणलं, नाव तिनं दिलं आणि शिंकाही तिच्याच वाट्याला आल्या, अशी घरातली वाटणी होती.

तो लाँड्रीची व्हॅन चालवायचा. हॉटेलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. सहा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो हे पिल्लू चादरीत गुंडाळून घरी आला. हायवेवर कुठल्याशा ट्रकनं उडवलं, म्हणाला, बघवलं नाही. पाय वाचला नाही, पिल्लू वाचलं. बिल्डिंगभर त्याचं नाव झालं. तळमजल्यावरच्या मावशी तर त्याला तोंडावर देवमाणूस म्हणायच्या, आणि ते ऐकलं की तो घाईनं जिना चढायचा. कारण ट्रक नव्हताच. हॉटेलच्या मागच्या आवारात त्यानंच व्हॅन मागे घेतली होती, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात फोन. आरशात बघितलंच नव्हतं. पिल्लू किंचाळलं तेव्हा तो फोनवर कसल्याशा फालतू विनोदाला खदाखदा हसत होता. ते स्वतःचं हसणं त्याला अजून ऐकू यायचं.

बायकोला केसाळ जनावरांचं वावडं लहानपणापासूनचं. तरी ती ‘राहू दे’ म्हणाली. कुत्रं गॅलरीत, ती घरात आणि मधे जाळीचं दार, असं ठरलं. ताटलीसुद्धा ती लांबूनच सरकवायची. सकाळी ती अगदी ठणठणीत असायची. संध्याकाळी तो घरी यावा तर हिचे डोळे लाल, हातांवर गांधी उठलेल्या आणि शिंकांवर शिंका. रोज हेच, घड्याळ लावल्यासारखं.

“कधी जास्त होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

“हे घरी आले की.”

“मग ॲलर्जी कुत्र्याची आहे की नवऱ्याची?”

तिघंही हसले होते. पण गेल्या आठवड्यात तिचा श्वास अडकला, दवाखान्यात न्यावं लागलं आणि बाई हसायच्या थांबल्या. कुत्र्याची दुसरीकडे सोय करा, म्हणाल्या. एकाचा पाय घेतला, आता दुसरीचा जीव घेतोय, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं प्राण्यांच्या आश्रमाला फोन केला. बायको नुसतं “बघा बुवा” म्हणाली.

आज त्यानं रजा टाकली होती. व्हॅन लाँड्रीतच उभी होती. बेल वाजली. आश्रमातल्या ताई एकट्याच वर आल्या, ड्रायव्हर खाली गाडी लावत होता. गल्ली अरुंद, वळायला जागा नाही, गाडी उलटीच आत आणावी लागते. तोही रोज तशीच आणायचा. ताईंनी टेबलावर फॉर्म पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

“पाय कसा गेला याचा?”

“हायवेवर,” त्यानं सुरुवात केली, “एका ट्रकनं...”

खाली गाडी मागे येऊ लागली. तिची रिव्हर्सची धून सुरू झाली. त्याच्या व्हॅनला होती तीच, तीच किरकिरी पिपाणी.

जाळीचं दार उघडंच राहिलं होतं. तिपाई कान पाडून, फरशीवर घसरत आत आलं. ते पोचायच्या आधीच बायको खाली मांडी घालून बसली होती. कुत्र्यानं तिच्या काखेत तोंड खुपसलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचे कान दाबून धरले.

“झालं रे, झालं. आत्ता थांबेल.”

कुत्रं लटलट कापत होतं. धून थांबली. तिनं हात काढले, पाठीवर एक थाप दिली. तिपाई उठलं आणि आपलं आपण गॅलरीत जाऊन बसलं. दोघांनाही चांगलाच सराव असावा. तिच्या हातांवर लाल गांधी उठू लागल्या होत्या.

त्यानं जवळ येऊन तिचे हात बघितले.

“कधीपासून?” त्यानं कसंबसं विचारलं.

“टाके निघाल्यापासून.” तिनं पदरानं डोळे पुसले. “ट्रक जाऊ देत, भोंगे वाजू देत, ढिम्म हलत नाही ते. तुमची गाडी मागे यायला लागली की मात्र...” तिला शिंक आली. “म्हटलं, आज ना उद्या स्वतःच सांगाल.”

त्याला शरमेनं वर बघवेना. मग तो ताईंकडे वळला.

“लिहा. माझ्याच गाडीखाली आलं. मी फोनवर होतो.”

ताईंचं पेन हातातच राहिलं. त्या एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. बायको उठली, तिनं जाळीचं दार लावून घेतलं, हात धुतले आणि टेबलावरचा फॉर्म घडी घालून त्यांना परत दिला.

“कुत्रं कुठं जात नाही, ताई. उद्यापासून यांची गाडी कोपऱ्यावर राहील आणि हे चालत घरी येतील.”