मॅडमचा सत्कार

सगळ्यात आधी माइकवाला पडला. त्याला सत्काराचा नारळ लागला.

नारळ मल्हारीनं फेकला होता. मल्हारी एकोणीस वर्षांचा, अंगानं दांडगा. आवाज वाढला की त्याला स्वतःला आवरता येत नसे. अशा पोरांना सांभाळायचं शिक्षण घेतलेल्या एक मॅडम पुण्यात आहेत, हे त्याच्या आईला, गिताबाईला, शिरूरच्या एसटीडी बूथवरून दोन वर्षं फोन फिरवल्यावर कळलं. आज त्या एसटीनं कवठे येमाईला आल्या होत्या. आज जमलं नाही तर उद्या पोराला गोठ्यात साखळीनं बांधायचं, असं भावकीनं ठरवलं होतं.

पण पाहुणा पुण्याचा. सत्काराशिवाय पेशंट कसा दाखवायचा? म्हणून मल्हारीचे चुलते आनंदराव यांनी मांडव घातला, कर्णे बांधले, हलगी बोलावली. आधी स्वागत, मग मनोगत, मग पेशंट, मग आभार.

आनंदराव ‘हॅलो’ म्हणाले. कर्णा किंचाळला. मल्हारीनं कान दाबले, डोकं मांडवाच्या खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं आणि नारळ उचलला.

माइकवाल्याचे दोन दात गेले. हलगी हलगीवाल्याच्याच डोक्यावर बसली आणि फाटून गळ्यात उतरली. कर्णा किंचाळतच होता. मग चुलतभाऊ बाळासो आणि आणखी चौघं मल्हारीच्या छातीवर बसले. ही घरची जुनी पद्धत. मल्हारीनं बाळासोचं बोट चावलं. गिताबाईनं बाळासोचा कान चावला.

“काकी, मी घरचाच हाय!” बाळासो बोंबलला.

“उठा त्याच्यावरून!” मॅडम ओरडल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी तेच माइकवरून सांगितलं.

मल्हारीनं पाचही जण उडवले. एक लाथ मॅडमच्या कोपरावर बसली.

मॅडमनी हातातल्या माइककडं पाहिलं. मग जाऊन बॅटरीची वायरच उपटली.

गाव गप्प झालं. मल्हारी मातीत पडून घुमत होता, रक्ताळलेलं कपाळ घासत होता. मॅडम त्याच्यापासून जरा लांब मातीतच आडव्या झाल्या. त्याला शिवल्या नाहीत, बोलल्या नाहीत.

“मॅडम, धरू का त्याला?” आनंदराव कुजबुजले.

“नको. तो मारत नाहीये. त्याला सहन होत नाहीये.”

“मंग हे काय हाय?” माइकवाल्यानं तळहातावरचे दात दाखवले.

हळूहळू घुमणं बारीक झालं. मल्हारीच्या मुठी सुटल्या. त्यानं मॅडमची चप्पल ओढून गालाखाली घेतली आणि डोळे मिटले. कुणीही छातीवर न बसता तो शांत झालेला गावानं पहिल्यांदाच पाहिला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आनंदराव भारावून उभे राहिले. कार्यक्रमात असा क्षण आला की काय करायचं, हे गावाला पाठ होतं. सगळ्या मांडवाचे हात टाळीसाठी वर गेले.

गिताबाईनं मांडवाशेजारच्या जळणावरची कुऱ्हाड उचलली.

“वाजवा की,” ती हळूच म्हणाली.

हात तसेच वर राहिले. खाली घ्यायचीही कुणाची छाती होईना.